एकशे सदतीस ग्रॅम

भूमितीच्या बाईंच्या बंदुकीची नळी थरथरते, हे त्यांना ज्या माणसाने सांगितलं तो भूमितीत तीन वेळा नापास झालेला होता, आणि तिन्ही वेळा त्याला बाईंनीच नापास केलेलं होतं. त्यामुळे दुखणं नळीला थोडं आणि बाईंना फार झालं.

त्याचं असं झालं. नेमबाजीच्या क्लबात बाईंनी दहा मीटरवरून दहा छर्रे मारले आणि कागद ओढून घेतला, तर त्यावर भोकांचे दोन घोळके. पाच वर, पाच खाली, मध्ये बोटभर मोकळी जागा. एकाच घरात दोन चुली झाल्यासारखं दिसत होतं. बाईंनी चष्मा पुसला, श्वास नीट घेतला, पुन्हा दहा मारले. पुन्हा दोन घोळके. सरळ माणसाने सरळ धरून सरळ मारलेली वस्तू दोन ठिकाणी जाते, हे बाईंच्या तीस वर्षांच्या नोकरीत कुठे बसत नव्हतं.

शेजारच्या खणात प्लंबर आपली बंदूक पुसत होता. शाळा सोडून त्याला अठरा वर्षं झाली होती. त्याचा धंदा उत्तम चालला होता, त्याला दोन मुलं होती आणि डोक्यावर थोडं टक्कलही आलं होतं. तरी बाई दिसल्या की त्याचे हात आपोआप पाठीमागे जात.

"बाई, नळी थरथरतेय," तो म्हणाला. "पाण्याच्या लायनीसारखंच आहे ते. नळ फटकन बंद केला की भिंतीतला पाइप कसा धडधडतो, तसं. छर्रा बाहेर पडतो तेव्हा नळीचं तोंड कधी वर असतं, कधी खाली. टोकाला काहीतरी जड लावा, ताळ्यावर येईल."

"मी तुला विचारलं होतं का?" बाई म्हणाल्या.

"नाही, बाई," तो म्हणाला आणि उभा राहिला.

पण बाईंना घाई होती. महिन्याभराने आंतरक्लब सामना होता. संघात जागा चार, त्यातल्या तीन ठरलेल्या. गेली तीन वर्षं बाई राखीव होत्या. राखीव म्हणजे संघाबरोबर जायचं, संघाच्या पिशव्या सांभाळायच्या, पाणी पुढे करायचं आणि शेवटी फोटोत कडेला उभं राहायचं. गेल्या वर्षीच्या फोटोत बाईंचा एक कान आला होता. पुढच्या वर्षी त्यांना पंचावन्न पूर्ण होणार होती आणि त्यानंतर त्या ज्येष्ठांच्या गटात जाणार होत्या. त्या गटात एकूण दोन सभासद होते आणि त्यांतला एक नुसता पेपर वाचायला येई. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदाच व्हायला हवं होतं. चौथ्या जागेसाठी एका रविवारी निवड होती. त्या जागेवर बाईंखेरीज आणखी एकाचंच नाव होतं, आणि तो आत्ता शेजारच्या खणात हात मागे घेऊन उभा होता.

घरी आल्यावर बाईंनी हा विषय काढला नाही. त्यांनी फक्त जेवणाच्या टेबलावर बंदूक ठेवली आणि तिच्या टोकाकडे पाहत बसल्या. त्यांचे यजमान दंतवैद्य होते आणि घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. तीस वर्षं लोकांच्या तोंडात पाहून त्यांना न बोललेलंही कळू लागलं होतं.

"हलतंय का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नळी," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी लगेच नळी दोन बोटांत धरून हलवून पाहिली. "दस्त्यात सैल बसलीय. हिरडी सुटली की दाताचं होतं तसं. भरून टाकू."

दाताचं माप घ्यायला ते जो गुलाबी मसाला वापरत, तो नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधल्या फटीत भरायचा, चार मिनिटं हलू द्यायचं नाही, की नळी घट्ट. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच होती की बंदूक चार मिनिटं अजिबात न हलता, तोंड वर करून, हव्या त्या कोनात राहील अशी घरात एकच जागा होती आणि ती म्हणजे दवाखान्यातली खुर्ची.

बंदूक खुर्चीत आडवी झाली. तिच्या मानेखाली उशी आली. डॉक्टरांनी सवयीने तिच्या गळ्याला तो कागदी रुमालही बांधला, वरचा दिवा ओढला, स्वतःच्या तोंडाला पट्टी लावली आणि हातात छोटा आरसा घेऊन नळीच्या तोंडात वाकून पाहू लागले. मसाला आत तर गेला नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. नेमका त्याच वेळी दाढदुखीने बेजार झालेला एक पेशंट दार ढकलून आत आला. त्याने ऐकलं ते असं: "घाबरू नकोस. जरासं साफ करतो, मग बघू कसा नेम लागत नाही ते."

पेशंट दारातच थांबला. "डॉक्टर, मी नंतर येतो," तो म्हणाला. "आता दुखायचं थांबलंय."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बोलणं पसरलं की डॉक्टर आता खुर्चीशी बंदूक ठेवतात. दोघांनी वेळ रद्द केली. उरलेले पेशंट मात्र न सांगता आ करू लागले आणि 'दुखलं तर हात वर करा' असं सांगितलं तरी कुणी हात वर करेना. डॉक्टरांच्या मते धंद्यात इतकी शिस्त पूर्वी कधी नव्हती.

क्लबात जाऊन बाईंनी दहा छर्रे मारले. घोळके जवळ आले होते, पण होते दोनच. म्हणजे आता दोन्ही चुली एकाच ओट्यावर, इतकंच.

तेव्हा बाईंनी ठरवलं की आता अंदाज पुरे, पद्धतशीर जायचं. कोणतीही गोष्ट थरथरते तेव्हा ती सगळीकडे सारखी थरथरत नाही, काही ठिकाणी स्वस्थ असते. त्या जागा सापडल्या पाहिजेत. त्यांनी नळी दस्त्यातून सोडवली (डॉक्टरांचा मसाला इतका उत्तम बसला होता की त्यात दोन संध्याकाळी गेल्या), पडद्याच्या दांडीला दोन दोऱ्यांनी आडवी टांगली आणि पेन्सिलीने हळूच टिचकी मारली. नळी गुणगुणली. बाईंनी वहीत लिहिलं, 'गुणगुणते.'

पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचे गायनमास्तर दारात हजर.

"नवीन वाद्य आणलंत वाटतं," ते म्हणाले.

"ती बंदूक आहे."

"असेल. पण काळी दोनच्या जरा खाली वाजतेय. ते सहन होत नाही." मास्तर आत आले, कान नळीला लावून उभे राहिले आणि दोरे इकडे-तिकडे सरकवू लागले. "इथे बांधली की आवाज लगेच मरतो. इथे बांधली की बघा कसा टिकतो. या जागी हिला कुणाचा त्रास होत नाही." बाईंनी मुकाट्याने त्या जागी पेन्सिलीने खूण केली. आपल्या हातून शास्त्राची सेवा झाली हे मास्तरांना कळलं नाही आणि बाईंनी ते कळू दिलं नाही.

कळू दिलं असतं तरी बरं झालं असतं. कारण पुढे मास्तरांनी टोकाला एक खोडरबर बांधून पाहिलं, तशी नळी सुरात आली, आणि इतका स्थिर सूर आपल्या पेटीलाही नाही असं म्हणून त्यांनी आपले चार शिष्य खाली बोलावले. तीन संध्याकाळी बाईंच्या बैठकीच्या खोलीत चार प्रौढ माणसं टांगलेल्या नळीसमोर डोळे मिटून 'आ' करत बसली होती. दवाखान्यातल्या पेशंटांना भिंतीपलीकडून तो 'आ' ऐकू येत होता आणि त्यांचा जो काय समज व्हायचा तो होत होता. शेवटी नळी परत दस्त्यात बसवायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी तिला हात जोडले. "पुन्हा असा सूर मिळायचा नाही," ते म्हणाले.

आता टोकाला किती वजन लावायचं, हा प्रश्न. बाई रोज शाळा सुटल्यावर क्लबात जात आणि नळीच्या टोकाला रबरबँडने चहाचे चमचे बांधत. एक चमचा, दहा छर्रे, वहीत नोंद. दोन चमचे, दहा छर्रे, नोंद. क्लबातले लोक प्रथम लांबून बघत, मग जवळून, मग सल्ले देऊ लागले. एकाने काटा बांधायला सांगितला. एकाने विचारलं की हा पूर्ण संच आहे का. तीन चमचे आणि एक मोठं करकटक बांधलं तेव्हा दहा छर्रे मारून बाईंनी कागद ओढला. घोळका एक. आणि तोही असा, की वर शर्टाचं बटण ठेवलं तर सगळी भोकं झाकून जातील.

शेजारच्या खणातून प्लंबर मान लांब करून बघत होता. तो इतका मनापासून हसला, की बाईंना नाइलाजाने मान हलवावी लागली.

घरी त्यांनी चमचे आणि करकटक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. एकशे सदतीस ग्रॅम. लेथवाल्याकडून त्यांनी बरोबर तेवढ्याच वजनाचं पितळी कडं करून घेतलं, नळीच्या टोकावर घट्ट बसणारं. ते इतकं देखणं झालं होतं की डॉक्टर म्हणाले, "एखाद्याच्या दाताला असं काम केलं तर तो उगाच हसत हिंडेल." निवडीला दहा दिवस होते. बाईंना पहिल्यांदाच वाटलं की यंदा आपण फोटोत दोन्ही कानांनिशी येणार.

आणि मग क्लबच्या चिटणिसांनी ते कडं पाहिलं.

चिटणीस नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले होते. नोकरीत फायली होत्या पण सत्ता नव्हती. क्लबात फायल एकच होती, पण सत्ता पूर्ण होती.

"नळीच्या तोंडाला लावलेली ही वस्तू आवाज दाबायचं साधन नाही कशावरून?" त्यांनी विचारलं.

बाईंनी एक छर्रा मारून दाखवला. फटकन आवाज झाला.

"कान हा पुरावा नाही, बाई. कागद आणा."

बाई परवाना शाखेत गेल्या. तिथे खिडकीमागे एक शांत स्वभावाचा कारकून होता. "हे आवाज दाबायचं साधन नाही, असा दाखला हवा होता," बाई म्हणाल्या.

"काय नाही, याचे दाखले आम्ही देत नाही," कारकून म्हणाला. "ही वस्तू काय काय नाही, ते लिहायला बसलो तर मला निवृत्तीपर्यंत पुरेल. ती काय आहे ते सांगा."

बाईंना हे तत्काळ पटलं, आणि तिथेच घात झाला. तर्काला धरून बोलणारा माणूस त्यांना फार दिवसांनी भेटला होता. त्या उत्साहात त्यांनी खरं ते सांगितलं. "हे वजन आहे."

"मग वजन-मापे कार्यालय. मागची इमारत, दुसरा मजला."

वजन-मापे कार्यालयातला अधिकारी तरुण होता आणि त्याला कित्येक महिन्यांत एकही ताजा गुन्हा सापडलेला नव्हता. त्याने कडं हातात घेतलं, काट्यावर ठेवलं आणि त्याचे डोळे चमकले.

"एकशे सदतीस?"

"बरोबर एकशे सदतीस," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"कायद्यात पन्नास आहे, शंभर आहे, दोनशे आहे. एकशे सदतीस नाही. हे तुम्ही स्वतः करवून घेतलंत?"

"हो. लेथवर."

"म्हणजे बनावट."

"पण मी याने काही मोजणार नाहीये."

"वजन आहे म्हणता आणि मोजणार नाही म्हणता. मग जवळ कशासाठी बाळगता?"

"थरथर थांबवायला."

अधिकाऱ्याने बाईंच्या हातांकडे पाहिलं. ते आता खरंच थरथरत होते. पण कायद्यात दयेचं कलम नसावं. त्याने खालच्या चहाच्या टपरीवरून दोन साक्षीदार बोलावले. त्यांच्या समोर कडं कापडी पिशवीत गेलं, पिशवीच्या तोंडाला लाख लागली आणि बाईंच्या हातात पावती आली: 'पितळी वजन, गोल, मध्ये भोक असलेले, एकशे सदतीस ग्रॅम, नग एक. बेकायदा.' साक्षीदारांपैकी एक जण सही करता करता थबकला, वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही?" तो त्यांच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलीचा बाप होता. उभ्या आयुष्यात कधी शाळेत उशिरा न पोचलेल्या बाईंना त्या क्षणी जिन्यावरून अदृश्य व्हावंसं वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "तिला सांगा, प्रमेयाची वही सोमवारी आणायची आहे."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ती पावती चिटणिसांपुढे ठेवली. नाव मागे घ्यायचं, एवढंच आता बाकी होतं. चिटणिसांनी पावती दोनदा वाचली. मग उजेडात धरून पाहिली. शिक्का पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"उत्तम," ते म्हणाले. "सरकारी शिक्का आहे. 'पितळी वजन' असं स्वच्छ लिहिलंय. आवाजाचा कुठे उल्लेख नाही. मंजूर."

"पण ते वजन त्यांनी जप्त केलंय. माझ्याकडे नाही."

"ते कुठे आहे, हा प्रश्न नियमात येत नाही. रविवारी मात्र तुम्ही जे लावाल ते कागदाप्रमाणे हवं. पितळी, गोल, मध्ये भोक, एकशे सदतीस."

म्हणजे परवानगी होती आणि वस्तू नव्हती. लेथवाला मुलीकडे गेलेला, आठवडाभर येणार नव्हता. शनिवारभर बाई हार्डवेअरची दुकानं पालथी घालत फिरल्या. कुठे गोल मिळालं तर लोखंडी, पितळी मिळालं तर बिनभोकाचं. रविवारी सकाळी त्या टेबलाशी बसून 'नाव मागे घेत आहे' असं पत्र लिहीत होत्या. अक्षर मात्र सुंदर काढलं होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात प्लंबर, हातात हत्यारांची पिशवी, पाठीला बंदूक.

"मी बोलावलंय," डॉक्टर आतून म्हणाले. "नळ गळतोय."

घरातला एकही नळ गळत नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. बाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की ते एकदम कापूस मोजायला दवाखान्यात गेले.

प्लंबरने पावती वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द. मग नळीच्या टोकावर हात फिरवून जाडी अजमावली. "तुमच्या इमारतीच्या मेन लायनीवर जुना गोल पितळी नट आहे," तो म्हणाला. "तसले आता मिळत नाहीत. आतून दोन रबरी वायसर घातले की इथे फिट बसेल."

"तो काढला तर इमारतीचं पाणी?"

"मेन बंद करायचा. तासा-दोन तासांचा प्रश्न. रविवार आहे, माणसं उशिरा उठतात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, "जागा एकच आहे, ठाऊक आहे ना? मग तू हे का करतोयस?"

प्लंबरने हात मागे घेतले. "तुमचे छर्रे असे दोन ठिकाणी पडताना मला बघवत नाही, बाई. कुठे लाईन बिघडलेली दिसली की माझा हात शिवशिवतो. धंद्याची खोड आहे."

नट वायसरांसकट एकशे एकतीस ग्रॅम भरला. उरलेले सहा ग्रॅम डॉक्टरांनी गुलाबी मसाल्याचे भरले आणि वर सवयीने म्हणाले, "दोन तास काही खायचं नाही."

क्लबात चिटणिसांनी काटा आणवून वजन केलं, पावतीशी ताडून पाहिलं आणि निवड सुरू झाली. वीस-वीस छर्रे. बाईंनी पहिला मारला, दुसरा मारला, आणि तिसऱ्यापासून त्यांना जगाचा विसर पडला. नळी इतकी शांत झाली होती की छर्रा सुटल्याचं फक्त कानाला कळत होतं, खांद्याला नाही. नऊ, दहा, नऊ, नऊ, दहा. मागे बसलेल्या लोकांनी कुजबुजायचं सोडून दिलं.

चौदाव्या छर्ऱ्यानंतर सगळं बिघडायला लागलं. आठ, मग पुन्हा आठ. वायसर दबून नट जरासा फिरला होता, पण ते बाईंच्या लक्षात येईना. त्याच वेळी रेंजच्या काचेच्या दारामागे गायनमास्तर येऊन उभे राहिले. अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण होता, खांद्यावर टॉवेल होता आणि पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. इमारतीने त्यांना प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं. चाललेल्या फेरीत बोलायला बंदी होती, म्हणून त्यांनी बाईंना खुणेने सांगायला सुरुवात केली. मूठ हवेत धरून ते नळ सोडल्याचा अभिनय करत होते. डावीकडे फिरवत होते. पुन्हा पुन्हा, कळवळून, डावीकडे.

बाईंनी ते पाहिलं. नळीच्या सुराबद्दल या माणसाचं बोलणं खोटं ठरलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नट धरला आणि अर्धा वेढा डावीकडे फिरवला. सतरावा छर्रा दहा. अठरावा दहा. मास्तर आता दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहून कृतज्ञतेने मान लववली आणि उरलेले दोन नऊवर मारले.

एकशे त्र्याऐंशी. बाईंनी आयुष्यात इतके गुण पाहिले नव्हते, म्हणजे स्वतःचे.

प्लंबरचे कागद मोजायला घेतले. एकोणीस कागद झाले आणि विसाव्यावर चिटणीस अडले. छर्रा आठच्या पट्ट्यात पडला होता, पण भोकाची कड नऊच्या रेघेला लागतेय की नाही, ते काही ठरेना. नियम साधा होता. रेघेला लागलं तर वरचा गुण. म्हणजे नऊ धरले तर एकशे चौऱ्याऐंशी, जागा प्लंबरची. आठ धरले तर एकशे त्र्याऐंशी, बरोबरी, आणि बरोबरीत वयाने मोठ्या सभासदाला प्राधान्य. भिंग फिरलं. चौघे म्हणाले लागतं, चौघे म्हणाले लागत नाही. पेपर वाचणारा ज्येष्ठ सभासद म्हणाला, भिंगच खराब आहे.

"बाईंनाच विचारा," मागून कुणीतरी म्हणालं. "वर्तुळ म्हणजे त्यांचा विषय."

"त्या स्पर्धक आहेत," चिटणीस म्हणाले. "नियमात बसत नाही."

"बसू दे," प्लंबर म्हणाला. "बाई म्हणतील ते मला कबूल."

भिंग बाईंच्या हातात आलं. त्यांनी वाकून पाहिलं. एकदाच. मग त्या सरळ झाल्या आणि भिंग प्लंबरपुढे धरलं.

"तू सांग. लागतं का?"

त्याने पाहिलं. वेळ घेतला. "नाही लागत, बाई."

"कड आणि रेघ यांच्यामध्ये पांढरा कागद दिसतो?"

"दिसतो. थोडासा."

तो खोटं बोलत होता. तीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईला हे ओळखायला भिंग लागत नाही. आणि कशासाठी बोलत होता तेही त्यांना कळलं. समोर जागा होती, तीन वर्षं वाट पाहिलेली. नुसती मान हलवली की झालं. एखाद्याने त्यांच्यासाठी दुसरं काहीही खोटं सांगितलं असतं तर कदाचित बाईंनी ऐकूनही घेतलं असतं. पण वर्तुळाबद्दल, आणि तेही आठ माणसांसमोर?

"पुन्हा चूक," बाई म्हणाल्या. "कड रेघेला एका बिंदूत लागलीय. एका बिंदूत लागली म्हणजे लागली. थोडं लागणं, जरा कमी लागणं, असं काही नसतं. चिटणीस, नऊ लिहा."

चिटणिसांनी नऊ लिहिले. बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. लोक हळूहळू पांगले. कुणी प्लंबरच्या पाठीवर थाप मारली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो अजून त्या कागदाकडे पाहत होता.

बाई पायऱ्या उतरून बाहेर अंगणात आल्या, तसा तो मागोमाग आला.

"बाई, पण एकाच बिंदूत कसं?" त्याने विचारलं. "छर्रा केसभर आत पडला असता तर दोन ठिकाणी लागला असता. केसभर बाहेर, तर कुठेच नाही. मग एकच्या एकच ठिकाणी लागतं, ते नेमकं कधी?"

बाई थांबल्या. तीन वर्षं हा मुलगा त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला होता. त्याने उत्तरं चुकीची दिली होती, कोरी दिली होती, एकदा उत्तरपत्रिकेत बोटीचं चित्र दिलं होतं. प्रश्न मात्र एकही विचारला नव्हता.

"खाली बस," त्या म्हणाल्या.

त्यांनी नळीच्या टोकाचा नट सोडवला, मातीवर ठेवला आणि भोवतीने काडी फिरवून वर्तुळ काढलं. मग नट सरकवून शेजारी दुसरं, अगदी चिकटून. "आता दोघांचे मध्यबिंदू जोड. ती रेघ कुठून जाते बघ." प्लंबरने काडी घेतली, जीभ दातांत धरली आणि रेघ ओढू लागला. डॉक्टरांचा फोन येत होता, तो दोघांनीही उचलला नाही. रेंजचा रखवालदार कुलूप हातात घेऊन आला आणि किल्ली फिरवायची विसरून बघत उभा राहिला.

मधल्या वेळात इमारतीत एक खेप घालून गायनमास्तर पुन्हा धापा टाकत पोचले तेव्हा त्यांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा फटक झाला होता. "इमारतीत पाण्याचा थेंब नाही," ते म्हणाले. "चौदा घरं खोळंबलीत. तो नट तेवढा द्या."

"थांबा," बाई आणि प्लंबर एकदमच म्हणाले.

मास्तर पायरीवर बसले. मातीतल्या रेघा, मध्यबिंदू, प्लंबरचा घाम, बाईंचा वर उचललेला चष्मा, सगळं त्यांनी पाहिलं. मग ते जरा पुढे सरकले, टॉवेलने गालावरचा साबण पुसला आणि म्हणाले, "ते दुसरं वर्तुळ जरा मोठं काढा. इथून दिसत नाही."